सहज बघून ठेवलंय

परदेशातल्या कुठल्याही मराठी मित्रमंडळात एक गाणारा असतो, एक पैशांचा हिशेब ठेवणारा असतो आणि एक सहल ठरवणारा असतो. गाणाऱ्याला आग्रह करावा लागतो, हिशेबवाल्याला आठवण करावी लागते. सहल ठरवणाऱ्याला "यंदा कुठे रे?" एवढं विचारायचीच खोटी. नाही विचारलं तरी त्याचं काही अडत नाही.

आमच्या रेडिंगमधल्या चार-पाच घरांत हे खातं ज्याच्याकडे आहे, त्याला सगळे मास्तर म्हणतात. शिकवण्याशी त्याचा काही संबंध नाही; तो एका बँकेच्या संगणकांची देखभाल करतो. पण शाळेच्या सहलीत बसच्या दाराशी उभं राहून डोकी मोजणारा जो मास्तर असायचा, तो याने लहानपणी कधीतरी बघितला आणि तिथेच याच्या आयुष्याचं ध्येय ठरलं असावं. अजूनही कुठूनही निघताना तो ओठ हलवत माणसं मोजतो. स्वतःला धरायला विसरतो, एक कमी भरतो आणि घाबरा होतो. एवढं झालं की आम्ही निघतो.

त्याचा मोसम दिवाळी संपता संपता सुरू होतो. इंग्लंडात तेव्हा घड्याळं मागे गेलेली असतात, चार-सव्वाचारला अंधार पडतो, बाहेर पावसाची रिपरिप आणि डब्यात शंकरपाळ्यांचा चुरा. बाकीचे लोक अशा दिवसांत टीव्ही बघतात. मास्तर एप्रिल बघतो. एखाद्या शनिवारी जेवणं झाली की तो न सांगता ताटं उचलतो, टेबल पुसतो, हात कोरडे करतो आणि लॅपटॉप उघडून म्हणतो, "नाही म्हणजे, मी सहज बघून ठेवलंय."

"सहज!" आतून वहिनींचा आवाज येतो. "दिवाळीच्या आधीपासून रात्री दोन-दोनपर्यंत दिवा चालू होता."

पडद्यावर एक्सेलची शीट असते. खाली पानांची नावं: ‘बेटे’, ‘तारखा’, ‘विमान’, ‘दहा वर्षांचा पाऊस’, ‘बंद असू शकते’, ‘गुडघा’. शेवटचं पान मास्तरच्या सासूबाईंचं. त्यात प्रत्येक गावातल्या पायऱ्या, चढ आणि बसायची बाकं यांची नोंद असते.

वसंतातच का जायचं, हे तो दर वर्षी नव्याने समजावतो. इथे शाळा चालू असताना मुलांना सुट्टीवर नेलं तर आईला ८० पौंड आणि बापाला ८० पौंड दंड होतो, तोही प्रत्येक मुलामागे. तीन आठवड्यांत भरला नाही तर दुप्पट. म्हणून सगळा देश ईस्टरच्या त्याच दोन आठवड्यांत उडतो आणि शाळा सुटते त्या दिवसापासून तिकिटं अंगावर येतात. मास्तरने एकदा दंडाची रक्कम आणि तिकिटांतला फरक शेजारी मांडून बघितला. दंड भरणं स्वस्त निघालं. सज्जन माणूस असल्यामुळे त्याने ते पान पुसून टाकलं, पण जिवाला लागलं असावं, कारण अजून सांगतो. उन्हाळ्याच्या सुट्टीचं नाव काढायची सोय नाही. "जुलैत भूमध्य समुद्रावर चाळीस अंश. ऊनच खायचं तर नागपूर काय वाईट आहे?" हा प्रश्न तो अमरावतीच्या माणसांसमोरही विचारतो.

मग बेटांची छाननी. मी बँकेची कर्जप्रकरणं याहून लवकर मंजूर झालेली पाहिली आहेत. माल्टा त्याने पहिल्या बैठकीतच निकालात काढलं. ३१६ चौरस किलोमीटर. "मुंबईहून लहान! चौथ्या दिवशी काय करायचं, एकमेकांची तोंडं बघायची?" सायप्रसला गाड्या इंग्लंडसारख्या डाव्या बाजूने चालतात म्हणून त्याचा जीव तिथे बराच अडकला होता, पण सायप्रस शेंगेनमध्ये नाही आणि सासूबाईंच्या व्हिशाचा हिशेब वेगळा पडत होता. सिसिलीला एटना. "जागा आहे तो. राख उडाली की कतानियाचा विमानतळ बंद." सँतोरिनीवर सगळ्या बायकांचा डोळा होता, तिथल्या पांढऱ्या घरांसमोर फोटो काढायचे म्हणून. मास्तरने ‘गुडघा’ उघडलं. जुन्या धक्क्यावरून फिरा गावात चढून यायला पाचशेच्या वर पायऱ्या. सगळी ओळ लाल रंगात. विषय संपला.

पुढे २०२५च्या फेब्रुवारीत सँतोरिनीच्या आसपास भूकंपाचे धक्क्यांवर धक्के बसायला लागले, शाळा बंद झाल्या, हजारो लोक बेट सोडून गेले. त्या दिवशी मास्तरचा ग्रूपवर निरोप आला: "सगळे सुखरूप राहोत. (म्हणूनच मी सँतोरिनी काढलं होतं.)" पायऱ्यांची आठवण त्याला कोणी करून दिली नाही. मित्रमंडळात थोडी माणुसकी असावी लागते.

उरलं क्रीट. ग्रीसचं सगळ्यांत मोठं, भूमध्य समुद्रातलं पाचव्या क्रमांकाचं बेट. पूर्व-पश्चिम २६० किलोमीटर लांब आणि कंबर एके ठिकाणी जेमतेम १२ किलोमीटर. एप्रिलात किनाऱ्यावर शर्टाच्या बाह्या दुमडाव्यात आणि मान वर केली तर लेफ्का ओरीच्या, म्हणजे पांढऱ्या डोंगरांच्या, माथ्यावर बर्फ. रस्त्याकडेला खसखशीची लाल फुलं. समुद्राचं पाणी १७ अंश. त्यापुढे शीटमध्ये शेरा, ‘पोहणे: फक्त बंड्या, स्वतःच्या जबाबदारीवर’. शिवाय बेटाला दोन मोठे विमानतळ, पूर्वेकडे हेराक्लिओन आणि पश्चिमेकडे हानिया. एकात उतरायचं, दुसऱ्यातून उडायचं. "म्हणजे परतीचा रस्ता वाया जात नाही," असं म्हणताना मास्तरचा चेहरा असा काही उजळला की आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या.

तारखांचं प्रकरण मात्र चिवट निघालं. ग्रीक चर्च ईस्टरची तारीख जुन्या ज्युलियन पद्धतीने काढतं. त्यामुळे २०२४ साली इथला ईस्टर ३१ मार्चला होऊन गेला आणि तिथला ५ मेला आला. २०२५ला मात्र दोन्ही एकाच दिवशी, २० एप्रिलला. मास्तर हे पौर्णिमा, विषुवदिन आणि पोप यांच्यासकट समजावत होता. मुलं झोपली. व्हिडिओ कॉलवर पुण्याहून सासूबाई ऐकत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हणजे टिळक पंचांग आणि दाते पंचांग. आमच्या समोरच्या वाड्यात टिळकवाले होते. एखाद्या वर्षी त्यांचा गणपती महिनाभर आधीच बसायचा. आम्ही दोन्हीकडचे मोदक खायचो." मास्तरने दोन क्षण त्यांच्याकडे बघितलं आणि ते वाक्य शीटमध्ये टीप म्हणून घातलं.

त्या टिपेखाली खरी मेख होती. ईस्टरच्या रविवारी ग्रीसमधली सरकारी संग्रहालयं आणि पुरातन स्थळं बंद असतात. म्हणून नोसोसचा राजवाडा मंगळवारीच उरकायचा. आणि सामारियाची घळ तर एप्रिलात उघडतच नाही.

इथे बंड्याची ओळख करून द्यायला हवी. प्रत्येक मास्तरला देव एक बंड्या देतो. "जाऊ की, बघू तिथे गेल्यावर" हे त्याचं तत्त्वज्ञान. त्याने सामारियाचे फोटो पाहिले होते: सोळा किलोमीटरची उतरण, दोन्ही बाजूंना उभे कडे, शेवटी लिबियन समुद्र. "मला तेवढंच करायचंय," तो म्हणाला.

"१ मेला उघडते."

"एप्रिलात हवा किती छान असते!"

"हवा छान असते. वरून दगड पडतात. बर्फ वितळतं, घळीत पाणी येतं."

"कोण अडवणार आहे?"

"फाटक आहे," मास्तर म्हणाला आणि फाटकाचा फोटो दाखवला. बंद स्थितीतला.

बदल्यात त्याने इम्ब्रोसची घळ दिली. आठ किलोमीटर, एके ठिकाणी इतकी अरुंद की हात पसरले तर दोन्ही भिंती लागाव्यात. बंड्याने नाक मुरडून मान्य केलं.

डिसेंबरात सगळ्यांचे पासपोर्ट मागवले गेले. फोटो चालणार नाही, प्रत्यक्ष वही आणून दाखवायची. बंड्या चिडला. "नोव्हेंबर २०२५पर्यंत चालतोय माझा. आपण एप्रिलात जातोय." मास्तरने ती तारीख बघितलीच नाही, तिच्या वरची बघितली. "मार्च २०१५ला निघालाय."

"मग?"

"युरोपात शिरता त्या दिवशी पासपोर्ट निघून दहा वर्षं झालेली नसावी लागतात. तुझी होऊन महिना झालेला असेल. विमानातच घेणार नाहीत."

खरंच आहे ते. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून हा नियम ब्रिटिश पासपोर्टांना लागतो. पूर्वी नूतनीकरण करताना जुन्यातले उरलेले महिने नव्यात जोडून मिळायचे, त्यामुळे दहा वर्षं आणि वर काही महिने मुदत असलेल्या अशा वह्या अजून कित्येक घरांच्या कपाटांत निवांत पडून आहेत. बंड्या गप्प झाला. नवा पासपोर्ट हातात पडला तेव्हा त्याने मास्तरला पेढे दिले आणि वर "तसं कोणी बघितलं नसतं" असंही म्हणाला.

सासूबाईंचा पासपोर्ट भारतीय, म्हणजे शेंगेन व्हिसा आलाच. ९० युरो शुल्क, ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो. मास्तरने रेडिंगला बसून अख्खी फाइल तयार केली, त्यांनी ती सदाशिव पेठेतल्या झेरॉक्सवाल्याकडे छापून घेतली. फोटोवाला म्हणे, "काकू, हसू नका, युरोपचा आहे." व्हिसा केंद्रातल्या मुलीने सहज विचारलं, "आजी, तिथे काय काय बघणार?" सासूबाईंनी पर्समधून मास्तरची शीट काढून तिच्यापुढे ठेवली. मुलीने दुसरा प्रश्न विचारला नाही.

पण खरी लढाई तुपावरून झाली. मार्चअखेर सासूबाई रेडिंगला आल्या आणि क्रीटसाठी वेगळी पिशवी भरायला बसल्या. भाजणी, मेतकूट, साबुदाणा, आणि घरी कढवलेल्या साजूक तुपाची बरणी. मास्तर दारात उभा राहिला.

"आई, तूप नाही नेता येणार. इंग्लंडातून युरोपात मांस आणि दुग्धजन्य पदार्थ न्यायला बंदी आहे."

"तूप म्हणजे दूध का जावईबापू?"

"दुधापासूनच होतं ना."

"ते मला सांगता? पण दूध कुठे राहिलंय त्यात?"

या युक्तिवादाला युरोपीय आयोगाकडेही उत्तर नसावं. तूप राहिलं. मग बेसनाचे लाडू हे दुग्धजन्य धरायचे की मिठाई, यावर मास्तर दोन रात्री वाचत होता. तिसऱ्या रात्री मुलांनी लाडू खाऊन टाकले आणि तो कायदेशीर मुद्दा तसाच राहिला.

मास्तर हॉटेलांचे आणि खाणावळींचे अभिप्राय वाचतो ते फक्त एक ताऱ्याचे. "पाच तारेवाला भिडेखातर लिहितो, एक तारेवाला मनापासून." ‘मालक आमच्याकडे बघून हसला नाही’ अशी तक्रार असली की जेवण उत्तम असणार, असा त्याचा सिद्धांत आहे आणि तो आजवर खोटा ठरलेला नाही. रात्री झोपण्यापूर्वी तो नकाशातल्या रस्त्यांवरून फिरून येतो. हानियाच्या जुन्या गावात गाड्या जात नाहीत, म्हणून वाहनतळापासून घरापर्यंतची गल्ली त्याने पडद्यावर इतक्या वेळा चालली होती की तिथल्या कुत्र्याने ओळख दिली असती. "कमानीतून आत, डावीकडे लिंबाचं झाड, मग निळं दार. निळ्या दारापाशी उजवीकडे." आम्हा सगळ्यांना ते पाठ झालं होतं.

प्रत्यक्ष प्रवासात मास्तर बघत काहीच नाही, पडताळतो. नोसोसला आम्ही लाल खांबांपुढे उभे होतो. आर्थर इव्हान्स या इंग्रजाने १९०० साली तिथे खणायला घेतलं आणि मग मनात आलं तसं सिमेंट घालून राजवाडा बराचसा उभा केला, त्यावर विद्वानांची अजून भांडणं चालतात. बंड्याने खांबावर टकटक करायला हात उचलला; मास्तरने घड्याळातून मान वर न करता तो खाली घेतला. चक्रव्यूहातल्या मिनोटॉरच्या गोष्टीतही त्याचं लक्ष भलतीकडे. चार हजार वर्षांच्या त्या राजवाड्यात त्याला मनापासून आदर वाटला तो फक्त अरियाद्नेबद्दल. "आत शिरणाऱ्याला दोऱ्याचं गुंडाळं देणारी ती एकटी. बाकी सगळे ‘बघू तिथे गेल्यावर’." हे बंड्याकडे बघून. हेराक्लिओनच्या तटावर कझान्त्झाकिसचं थडगं आहे. लेखकाने त्यावर आपल्या निर्भयतेची ग्वाही कोरून घेतली आहे. मास्तरने ती वाचली, थोडा विचार केला आणि म्हणाला, "प्रवास विमा नसेल काढला कधी."

गाडी चालवताना त्याच्या शिस्तीची कसोटी लागली. क्रीटच्या उत्तरेकडच्या महामार्गावर हळू चालणाऱ्याने अर्धी गाडी कडेच्या पट्टीवर घ्यायची आणि मागच्याला वाट द्यायची, असा रिवाज आहे. हे शीटमध्ये होतं. पण इंग्लंडात ती पट्टी फक्त बंद पडलेल्या गाडीसाठी असते, आणि मास्तरच्या सदसद्विवेकबुद्धीला ग्रीक परवाना नव्हता. तो मर्यादेच्या आत, रेघेच्या आत चालला होता. मागे छोटे टेम्पो, एक बस, असंख्य दिव्यांची उघडझाप. शेवटी मागच्या सीटवरून सासूबाई म्हणाल्या, "सरका ना थोडं जावईबापू, माणसं खोळंबलीत." तेव्हा सरकला. पुढे गेलेल्या प्रत्येकाने हात हलवून आभार मानले, आणि संध्याकाळपर्यंत त्याला ते सरकणं इतकं आवडलं की मागे कोणी नसतानाही सरकायला लागला.

बुधवारी संकष्टी होती. ग्रीकांचा ईस्टरपूर्वीचा मोठा उपवासही तेव्हा शेवटच्या टप्प्यात असतो: मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. आमच्यासारख्या शाकाहारी टोळक्याला याहून सोयीचे दिवस नाहीत, आणि हे मास्तरने नोव्हेंबरातच हेरलं होतं. हानियाच्या एका खाणावळीत (मालक न हसणारा) त्याने सासूबाईंकडे बोट दाखवून, घोकलेल्या उच्चारात उपवासाचं काही आहे का म्हणून विचारलं. मालक पहिल्यांदा हसला. आत गेला आणि व्हिनेगर घातलेला, निखाऱ्यावर भाजलेला ऑक्टोपस घेऊन आला.

टेबलावर शांतता. मास्तरने हळू आवाजात खुलासा केला की मासा त्यांना चालत नाही, पण ज्यांना रक्त नाही असं मानतात ते समुद्रातले जीव चालतात.

सासूबाईंनी ऑक्टोपसचं नीट निरीक्षण केलं. "असेल. आपल्याकडे तरी काय, गहू चालत नाही आणि राजगिरा चालतो. कुणी कुणाला विचारायचं? बटाटा आहे का म्हणावं."

बटाटा होता. ऑलिव्हच्या तेलात तळलेला, वर भरड मीठ. स्वयंपाकघरातून मालकाची म्हातारी आई बाहेर आली आणि सासूबाईंच्या शेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा यायचा प्रश्न नव्हता, पण किती दिवस, काय काय चालतं आणि सून करते का, एवढं सगळं हातांनी विचारून झालं. ऑक्टोपस बंड्याने खाल्ला.

चंद्रोदयाची वेळ अर्थातच शीटमध्ये होती, पुण्याची नव्हे तर हानियाची, अकराच्या पुढची. शिवाय त्यापुढे शेरा: ‘अधिक १२ मि. (पूर्वेकडची घरे आड येतात)’. बंदराच्या कठड्यावर शाल गुंडाळून बसलेल्या सासूबाईंना चंद्र दिसला तेव्हा मास्तरने घड्याळ बघितलं आणि आनंदाने म्हणाला, "चौदा. गच्ची धरली नव्हती." घरी येऊन वरणभात झाला. वर तुपाऐवजी तिथलंच ऑलिव्हचं तेल. सासूबाई पहिल्या घासाला काही बोलल्या नाहीत. दुसऱ्याला म्हणाल्या, "तुपाची सर नाही. पण वाईट म्हणता येत नाही."

गुरुवारी इम्ब्रोसला जाताना डोंगरात मेंढ्यांनी रस्ता अडवला. गळ्यातल्या घंटांचा गजर, मेंढपाळाला कसलीही घाई नाही. बंड्या या क्षणाची जन्मभर वाट बघत होता. "आता? आता काय करणार तुझी शीट?" मास्तरने फोन पुढे केला. ओळ अडतीस: ‘मेंढ्या / मिरवणूक / रस्त्यात गप्पा मारणारी माणसे, २० मि.’ "बफर ठेवलाय," तो म्हणाला. मेंढ्या सतरा मिनिटांत गेल्या. उरलेल्या तीन मिनिटांत त्याने आम्हाला गाडीतून उतरून फुलांचे फोटो काढायला लावले.

हरला तो एकदाच, आणि बंड्यासमोर नाही. बुधवारी दुपारी आम्ही हानियाला पोचलो तेव्हा सामान घेऊन तो पुढे चालत होता. कमान आली. डावीकडे लिंबाचं झाड आलं. पुढे एक दार आलं, हिरवं. मास्तर थबकला. मागे झाडापर्यंत गेला, पुन्हा आला. दाराशी शिडी होती, खाली वर्तमानपत्राचा कागद, त्यावर हिरव्या रंगाचा डबा आणि त्यात ब्रश. ईस्टरच्या आधी तिकडे घरं रंगवतात, उंबरे चुन्याने पांढरे करतात. शिडीवरच्या आजोबांनी खाली बघितलं. मास्तरने फोनमधलं निळं दार त्यांना दाखवलं. आजोबा खाली उतरले, चष्मा लावून बराच वेळ तो फोटो बघितला, आणि खूण करून विचारलं, कुठला चांगला? मास्तरने प्रामाणिकपणे निळ्यावर बोट ठेवलं. आजोबांनी खांदे उडवले आणि परत शिडीवर चढले. आम्ही हिरव्या दारापाशी उजवीकडे वळलो, पण त्या संध्याकाळी मास्तर जरा कमी जेवला.

शनिवारी मध्यरात्री चर्चच्या अंगणात आम्ही ‘लांब, भिंतीच्या कडेला (फटाके)’ उभे होतो. बाहेर लाकडांच्या ढिगावर यहूदाचा पुतळा ठेवलेला; बारा वाजले, घंटा सुरू झाल्या, ढीग पेटला, आणि ज्योतीवरून ज्योत लावत मेणबत्त्या सगळ्या अंगणभर पसरल्या. कुणीतरी एक पेटती मेणबत्ती सासूबाईंच्या हातात दिली. ही ज्योत न विझवता घरी न्यायची असते. हे शीटमध्ये होतं, पण ‘स्थानिक लोक’ या सदराखाली. सासूबाई म्हणाल्या, "दिली आहे तर न्यायला हवी." वारा सुटला होता. मास्तरने काखेतली प्लॅस्टिकची फाइल काढली, ज्यात विमा, तिकिटं, व्हिशाच्या प्रती आणि दूतावासाचा पत्ता असतो आणि जिची आजवर कधी गरज पडली नव्हती. ती उघडून आडोसा धरला आणि वाकून, उलट्या पावलांनी, सासूबाईंच्या पुढे चालत राहिला. त्या रात्री त्याने डोकी मोजली नाहीत.

त्या शीटला उजवीकडे सरकवत नेलं तर फार लांब काही रकाने आहेत. तिथवर सहसा कोणी जात नाही. मी एकदा विमानात कंटाळून गेलो. बंड्याची बायको: बोटीत मळमळते, पुढे बसवणे. आमची धाकटी: अंधाराची भीती, दिव्याजवळची खाट. आई: दर दीड तासाने स्वच्छतागृह, मागणार नाहीत, आपणच थांबणे. माझ्या नावापुढेही एक ओळ होती, ती इथे सांगत नाही, पण बरोबर होती. मास्तरच्या स्वतःच्या नावाची ओळच नव्हती.

सहल संपल्यावर आठवड्याभरात ताळमेळ येतो. ठरलेली वेळ, झालेली वेळ, फरक, कारण. यंदा ‘कारण’मध्ये एके ठिकाणी फक्त ‘रंग’ असं लिहिलं होतं. क्रीटहून निघायच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी पाच लिटरचा तेलाचा डबा घेतला. बंड्याला वाटलं, आता विमानतळावर तमाशा; सगळ्यांकडे नुसत्या हातातल्या बॅगा, आणि त्यांत तेव्हा शंभर मिलिलिटरच्या वर द्रव चालत नव्हता. मास्तरने कपाटातून एक घडी केलेली रिकामी बॅग काढली. तिचं फक्त परतीचं भाडं त्याने जानेवारीतच भरून ठेवलं होतं. नोंद होती: ‘आई, तेल’.

पुढच्या वसंताची शीट परवा ग्रूपवर आली. सार्डिनिया. ज्यांना यायचं असेल त्यांनी मास्तरला एक तारीख आजच कळवावी: पासपोर्ट निघाला कधी. संपतो कधी, ते सांगत बसू नये.